जाबाचा शनिवार

दोन हजार तेवीस साल होतं. जून निम्मा सरला तरी आभाळात ढगाचा पत्ता नव्हता आणि दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. त्याच दिवसांत तालुक्याच्या कचेरीत, भरल्या रांगेसमोर, एका कारकुनानं खुर्चीवरून उठून वनमालाबाईंच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि त्या घडीपासून बाईंच्या जिवाला जी टोचणी लागली ती लागलीच. खरं तर ही आनंदाची गोष्ट. सारी हयात वस्तीवरच्या पोरांना शिकवण्यात घालवलेल्या बाईला म्हातारपणी आणखी काय हवं असतं? पोरानं ओळखावं, चार माणसांत वाकावं, एवढंच ना. पण घरी येऊन त्यांनी पाय धुतले, पुसले, पुन्हा धुतले, तरी उजव्या अंगठ्यावर त्या पोराच्या कपाळाचा घाम तसाच राहिल्यासारखा वाटत होता.

काम साधं होतं. बँकेनं पेन्शनच्या खात्यासाठी रहिवासाचा दाखला मागितला होता, म्हणून बाई सकाळीच जाऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पुढं वडवणीकडचा एक म्हातारा होता, रामकिसन नावाचा. नातवाच्या दाखल्यासाठी आला होता आणि गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं. रांग सरकत होती ती मोठी चमत्कारिक. माणूस टेबलापाशी जायचा, कागद ठेवायचा, आणि टेबलामागचा कारकून मान वर न करता म्हणायचा, "बाहेर झेरॉक्सवाल्याकडं जाऊन या." माणूस जायचा, थोड्या वेळानं परत यायचा, आणि मग मात्र तोच कागद घेतला जायचा. बाईंनी पिशवी चाचपली. झेरॉक्सच्या प्रती तर त्यांनी घरूनच आणल्या होत्या. रामकिसननं ते पाहिलं आणि तो हसला. त्याच्या तोंडात दोनच दात होते आणि दोन्ही हसले.

"झेरॉक्सचं न्हाई हो बाई. तिथं चहापाणी ठिवायचं आस्तंय. सायेब हाताला लावून घेत न्हाईत. लई सोवळं हाय."

"आणि नाही ठेवलं तर?"

"न्हाई ठिवलं तर कागदात खोट निगती. कुनाच्या कागदात खोट न्हाई, सांगा की. मानसात हाय, कागदात न्हाई व्हय?"

मागची माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मनात एक वाक्य जुळवायला घेतलं. आपली पाळी आली की काय म्हणायचं, कुठल्या आवाजात म्हणायचं. फार चढा नाही, फार मऊ नाही. वर्गात एखादं पोर खोटं बोलताना सापडलं की लावायच्या तो आवाज. वाक्य तयार झालं होतं, जिभेवर येऊन बसलं होतं. आणि तेवढ्यात कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. "बाई! आवं बाई, तुमी रांगेत?" तो टेबलाला वळसा घालून आला आणि वाकला. "वळखलं न्हाई? मी परमेश्वर. वस्तीवरच्या शाळेतला." मग खुर्ची आली, चहा आला, कागदावर शिक्का पडला, आतल्या साहेबांची सही आली. बाहेर जाऊन या, असं कुणी म्हणालं नाही. बाईंनी कसंबसं विचारलं, "पैसे?" तर परमेश्वरनं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तुमच्याकडून घेतलं तर मला नरकात बी कुनी उभं करनार न्हाई." रांगेतली माणसं कौतुकानं बघत होती. पिशवीतलं चहापाणी नुकतंच बाहेर ठेवून आलेला रामकिसन मान डोलावत म्हणाला, "बगा, ह्याला म्हनत्यात संस्कार."

ते तयार झालेलं वाक्य बाईंनी चहाबरोबर गिळलं. चहा फार गोड होता.

दाखला हातात घेऊन त्या घरी आल्या आणि तो त्यांनी कपाटात ठेवला. मग काढला, टेबलावर ठेवला. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा कोपरा उचलला जात होता आणि पडत होता. शेजारच्या घरातून पिकत घातलेल्या आंब्यांचा वास येत होता, कमरजहाँच्या घरातून. उन्हाळाभर त्या घरात गवताच्या थरांमध्ये आंबे निजलेले असायचे आणि भिंत ओलांडून तो वास बाईंच्या उशीपर्यंत यायचा. एरवी त्या वासानं त्यांना बरं वाटे. त्या दिवशी त्यांना त्यात कुठंतरी एक आंबा नासल्याचा भास झाला. संस्कार. हा शब्द त्यांनी स्वतः किती वेळा वापरला होता. फळ्यावर लिहिला होता, भाषणांत वापरला होता, जिल्ह्याचा आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला तेव्हा मांडवात उभं राहून त्यांनी शनिवारची गोष्ट सांगितली होती आणि शेवटी हाच शब्द ठेवला होता.

शनिवारची गोष्ट अशी. नेकनूरला बस सोडून पुढं बराच वेळ पायी गेलं की ती वस्ती लागायची. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक सपाट दगड. अर्जुनराव गुरुजी मुख्याध्यापक आणि वनमालाबाई दुसऱ्या. शनिवारी सकाळची शाळा, कवायत झाली की पोरं लिंबाखाली गोल बसायची. बाईंनी तिथं एक रीत पाडली होती. कुणीही कुणालाही जाब विचारायचा. पहिलीतल्या पोरानं चौथीतल्याला, पोरांनी बाईंना, बाईंनी गुरुजींना, कुणालाही. ज्याला विचारलं त्यानं त्या दगडावर उभं राहायचं आणि खरं सांगायचं. केलं असेल तर केलं म्हणायचं. आणि खरं सांगितलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, विषय तिथंच संपला, त्यावरून पुन्हा कुणी कुणाला चिडवायचं नाही. ही शेवटची अट बाईंनी फार विचार करून घातली होती. पोरं भीतीनं खोटं बोलतात हे त्यांनी बघितलं होतं. घरी मार, शाळेत मार, मग पोर खरं कशाला बोलेल? भीती काढून घेतली की खरं आपोआप बाहेर येईल, आणि लहानपणी ज्याची जीभ खरं बोलायला सैल झाली तो मोठेपणी कुठल्याही खुर्चीवर बसला तरी त्याला खोट्याचं खाता येणार नाही, असं त्यांना वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, त्यांचा त्यावर जीव होता. नवरा म्हणायचा, तुला पोरंबाळं नाहीत म्हणून तू ह्या दगडाला जपतेस. म्हणायचा तो प्रेमानंच.

पहिला जाब बाईंनाच विचारला गेला होता. एका मुलीनं उभं राहून विचारलं, "बाई, तुमी काल उशिरा कावून आलत्या?" बाई दगडावर चढल्या. दगड उन्हानं तापला होता, चपला काढलेल्या तळव्यांना चटका बसत होता. "बस चुकली. झोप लागली म्हणून चुकली," असं म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी अंगावर आलेला काटा त्यांना आज सत्तरीतही आठवत होता. आणि मग तो मोठा शनिवार. सरकारकडून पोरांना घरी न्यायला तांदूळ यायचा त्या सालातला. चौथीतला एक काटकुळा पोरगा उठला, नाक ओढलं आणि म्हणाला, "गुरुजी, तांदळाचं पोतं तुमच्या मोटरसायकलवर कुठं गेलं?" लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले. अर्जुनराव गुरुजी धोतर सावरत उठले, दगडावर चढले, बराच वेळ पायाकडं बघत राहिले, आणि म्हणाले, "घरी नेलं. चुकलो." मग टाळ्या. गुरुजींचे डोळे भरून आले होते. बाईंचेही. मांडवात ही गोष्ट सांगताना बाई नेहमी इथंच थांबायच्या, कारण पुढं बोलवायचंच नाही. समोर बसलेले अधिकारीही टाळ्या वाजवायचे.

तो काटकुळा पोरगा म्हणजे परमेश्वर. कचेरीत त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं हे खरं नाही. त्यानं मान वर केली त्याच क्षणी ओळखलं होतं. डोळे तेच होते. म्हणूनच तर ते वाक्य आत गेलं.

आठवडाभर बाई दारात येणाऱ्या माणसांना न्याहाळत राहिल्या.  विजेचा माणूस आला, दूधवाला आला, त्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहत, हा कुठल्या शाळेतला असेल, कुणी शिकवला असेल, कुठं काय घेत असेल. रस्त्यावरून सिरसाळ्याची बस जाताना खिडक्या थरथरत आणि त्यांना वाटे, त्या बसमधली अर्धी माणसं कुणाच्या ना कुणाच्या हातचीच असणार. इतक्या शाळा, इतके फळे, इतके सुविचार, आणि ते सगळं जातं कुठं? पाणी जिरतं तशी एखादी भेग असेल का माणसात, की शिकवलेलं त्यातून सरळ खाली जातं?

त्या आठवड्याच्या शेवटी कमरजहाँ आली. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, वयानं बाईंपेक्षा थोडी लहान, गुडघ्यांनी जेरीला आलेली. तिचा मुलगा यासीन बसस्टँडसमोर फळांचा गाडा लावायचा. यासीनची मुलगी अदिबा बारावीला चांगली उतरली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. बाईंनीच तिला अक्षरं गिरवायला शिकवली होती, पाटीवर, ह्याच ओट्यावर. कमरजहाँ उंबऱ्यापाशीच बसली, जमिनीला हात टेकून.

"बाई, त्या दाखल्याचं हो. जातीचा दाखला. बागवान म्हनून. त्याच्याशिवाय सवलतीची जागा न्हाई, आन् ती जागा न्हाई तर फी आपल्याला झेपायची न्हाई. यासीन तीनदा जाऊन आला. झेरॉक्सवाल्याकडं जा म्हनत्यात."

"यासीननं दिले का?"

"आजून न्हाई. उद्या देतो म्हनायलाय. मी म्हनलं, द्यावं. देऊन मोकळं व्हावं, काय?"

बाईंच्या अंगात काहीतरी ताठ झालं. आठवडाभर ज्याला जागा मिळत नव्हती त्याला एकदम जागा मिळाली. "एक पैसा देऊ नका, आपा," त्या म्हणाल्या. "तो माझा विद्यार्थी आहे. मी येते तुमच्याबरोबर."

"बाई, तारीख जवळ आलीय. कायतरी उलटंसुलटं व्हायला नको."

"काही होणार नाही. मी आहे ना."

कमरजहाँनं त्यांच्याकडं बघितलं. त्या नजरेत विश्वास होता, आणि विश्वासाच्या मागं, फार मागं, थोडी काळजी होती. बाईंना विश्वासच दिसला. "तुमी हाव म्हनल्यावर काय," असं म्हणून ती गुडघा धरत उठली.

सोमवारी तिघी गेल्या. अदिबानं कागदांची पिशवी छातीशी धरली होती, ओढणीच्या टोकानं सारखा घाम टिपत होती. रांग तशीच होती. पंखा फिरत होता आणि वारा लागत नव्हता. कोपऱ्यात पानाच्या पिंकांवर कुणीतरी चुना मारला होता आणि त्या चुन्यावर पुन्हा पिंका पडल्या होत्या. रामकिसन पुढंच उभा होता. त्याच्या नातवाचा दाखला अजून मिळाला नव्हता, चहापाणी पोचलं होतं पण आतले साहेब रजेवर होते ते आजच परतले होते. "या या बाई," तो घरच्यासारखा म्हणाला. परमेश्वरनं बाईंना लांबूनच बघितलं आणि हात वर केला. "बाई, रांगेत कावून? पुढं या. कुनाचं हाय? शेजारणीचं? आना इकडं, आत्ताच्या आत्ता करतो. तुमच्या शब्दाच्या बाहेर हाय का मी?"

तिथं ती घडी होती. बाईंना नंतर अनेकदा वाटलं की ती घडी फार लांब होती, एखाद्या दुपारइतकी. समोर परमेश्वरचा पसरलेला हात, त्यातली सोन्याची अंगठी, बोटाच्या फुगीर मांसात रुतलेली. हे बोट कधी काटकुळं होतं. शेजारी अदिबा पिशवीची गाठ सोडायला लागली होती, तिच्या नखांना लागलेली मेंदी अर्धी उतरली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. तेही म्हणायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. मागच्या वेळी गिळलेलं वाक्य तर घशात पुन्हा वर आलं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट वर आली, तळव्यांना लागलेला चटका, दगडावरचा. आणि त्यांना वाटलं, आज आपण गप्प राहिलो तर तो दगड कधी नव्हताच. मांडवात सांगितलेलं सगळं खोटं. बाईंनी अदिबाच्या हातावर हात ठेवला आणि ती गाठ सुटू दिली नाही.

"आणि ह्यांचं?" त्या म्हणाल्या. त्यांनी रांगेकडं हात केला. "परमेश्वर, मी तुला शनिवारसारखं विचारते. ह्या माणसांना तू बाहेर का पाठवतोस?"

 टाइप करणारा मुलगा थांबला. बाईंना एक अद्भुत हलकेपणा आला, पोरगी झाल्यासारखा. आता तो मान खाली घालेल, त्यांना वाटलं. आता त्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

परमेश्वर उठला. टेबलामागून बाहेर आला, रांगेसमोर उभा राहिला, अंगातला सदरा खाली ओढून सारखा केला. चौथीतला पोरगा उभा राहायचा तसाच.

"घेतो," तो म्हणाला. आवाजात ना राग होता, ना लाज. "घेतो बाई. ह्यांच्याकडून घेतो. मी येकटा ठिवत न्हाई, पन घेतो. खरं सांगितलं. आता?"

 आता? आतापुढं काय असतं हे त्यांच्या रीतीत नव्हतंच. आतापुढं टाळ्या असत. आणि रांगेच्या शेपटाकडून कुणा टारगटानं खरंच टाळ्या वाजवल्या, एक, दोन, आणि मग दहा-बारा माणसं हसली, हसता हसता वाजवू लागली. "वा रं वाघा!" कुणी म्हणालं. "सायेब खरं बोललं!" बाईंच्या कानशिलांतून गरम काहीतरी वर चढलं.

परमेश्वर मात्र हसत नव्हता. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असं बोलला. "बाई, गुरुजीनं कबूल केलतं, आपुन टाळ्या वाजवल्या. पोतं परत आलं का? त्या महिन्याला आमच्या घरी तांदूळ न्हवता. माझी माय डबा घिऊन शाळेत आलती. तुमाला आठवत नसंल. तुमी तिला म्हनलाव, गुरुजींनी चूक कबूल केली आहे हो. ती म्हनली, बरं. आन् रिकामा डबा घिऊन गेली. मी झाडाखालीच हुतो." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. "तुमी शिकवलेलं मी काय बी इसरलो न्हाई."

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. ती माय, डबा, दार. एक लुगडं आठवल्यासारखं झालं, हिरवं, पण ते त्या दिवसाचं की दुसऱ्या कुठल्या, सांगता येईना. आपण ते वाक्य बोललो असू. नक्की बोललो असू. किती समाधानानं बोललो असू, हेही त्यांना ऐकू आलं. पुन्हा गुरुजींना कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं नाही अशी अट होती. पुढल्या महिन्यात पुन्हा एक पोतं गेलं का? कुणाला माहीत? विषय संपला होता. पोरांना आपण खरं बोलायला शिकवलं, असं त्यांना वाटत आलं होतं. आणि पोरं बघत होती की खरं बोललं की सगळं पचतं. तापल्या दगडावर दोन क्षण उभं राहायचं, एवढंच त्याचं मोल.

"तर बाई, आता तुमी म्हनताव तसं," परमेश्वर पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आजपासून झेरॉक्सवाला न्हाई. नियमानं. एकेक कागद बघू." त्यानं हात पुढं केला आणि पहिली फाईल अदिबाची घेतली, कारण तीच पुढं उभी होती. चष्मा लावून त्यानं एकेक पान उलटलं. सूड घ्यायचा म्हणून नव्हे. अगदी मन लावून, शाळेत शुद्धलेखन तपासायचं तसं. शेवटच्या पानाशी थांबला. "हे पनज्याच्या शाळेचा उतारा. उर्दूत हाय."

"निजामाच्या वक्ताला उर्दूच हुतं की सायेब," कमरजहाँ म्हणाली. "मराठीत कुठून आनायचं?"

"तसं न्हाई मावशी. ह्याचा मराठी तर्जुमा लागतोय, सरकारमान्य मानसाकडून, सहीशिक्क्याचा. एरवी आमी बघत न्हाई इतकं. पन आता नियम म्हनलं की नियम." त्यानं भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकावर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि वाचलं. नियम तसाच होता. परमेश्वर खोटं बोलत नव्हता.

रांगेत कुजबूज सुरू झाली. कुणाच्या कागदात काय कमी ते ज्याचं त्याला माहीत होतं. रामकिसन पुढं आला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "ओ बाई, तुमचं झालं ना मागल्या टायमाला? फुकटात झालं ना? मग आमच्यात कावून खोडा घालायलाव? आमी काय तुमाला बोलवाय आलतो?" मागून आणखी आवाज आले. "घरी बसा की म्हातारपनी." "पुढारपन करायचं तर निवडनुकीला उभ्या ऱ्हावा." बाई वळल्या. त्यांना वाटलं होतं ह्या माणसांच्या बाजूनं आपण बोलतोय. त्या माणसांच्या डोळ्यांत त्यांनी स्वतःला पाहिलं तर तिथं एक सुखवस्तू पेन्शनवाली बाई होती, हातात शिक्क्याचा दाखला असलेली, रिकामपणी आलेली.

"बाईआजी, चला," अदिबा म्हणाली. "ऊन व्हायलंय."

तर्जुमा करणारा मान्यताप्राप्त माणूस तालुक्यात नव्हता, बीडला होता तो हजला गेलेला होता. यासीन संभाजीनगरला गेला, गाडा बंद ठेवून. तिथल्या माणसाकडं कागदांचा ढीग होता. तो आपल्या पद्धतीनं, आपल्या पाळीनं काम करणारा होता, सचोटीचा. यासीननं ज्यादा देऊ केलं तर त्यानं हाकलून दिलं. तर्जुमा हातात आला तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. बाई रोज विचारत, आला का? आणि रोज त्या घरातून कुणीतरी म्हणे, आजून न्हाई. तारीख गेल्यावर त्यांनी विचारलं नाही. त्या संध्याकाळी कमरजहाँ मधल्या भिंतीपाशी आली. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. कमरजहाँ रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाई, आधी लेकराचं तेवढं करून घ्यायचं हुतं," ती म्हणाली. "मग इचारायचं हुतं."

बाई उभ्याच राहिल्या. तांब्यातलं पाणी तुळशीतून ओसंडून पायांवर आलं, थंडगार. त्यांना म्हणायचं होतं की आधी करून घेतलं की विचारताच येत नाही. मागच्या वेळी चहा प्याले होते ना, म्हणून तर. पण हे बरोबर असलं तरी ह्यात अदिबाला बसायला जागा नव्हती. आणि हे चूक असलं, तर मग उरलेलं काय होतं? दोन्हींकडून एकच भिंत येत होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला. कमरजहाँ आत गेली. तिच्या घरातले आंबे संपले होते, गवत जाळल्याचा धूर भिंतीवरून येत राहिला.

त्या सगळ्यांचं पुढं असं झालं. झेरॉक्सवाल्याचं दुकान आठवडाभर ओस पडलं आणि मग पूर्ववत सुरू झालं. रामकिसनला नातवाचा दाखला मिळाला. बाई रस्त्यात दिसल्या तर तो नमस्कार करतो, जुनं मनात ठेवत नाही. अर्जुनराव गुरुजी तर केव्हाच वारले होते. शाळेत त्यांचा हार घातलेला मोठा फोटो आहे, लिंबाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. अदिबानं त्या वर्षी घरीच बसून काढलं. पुढच्या वर्षी दाखला हातात होता, पण सवलतीच्या जागेत नंबर लागला नाही आणि पूर्ण फी परवडेना, म्हणून ती एका डॉक्टरच्या दवाखान्यात कामाला लागली. तिथं ती इंजेक्शनं देते, सलाईन लावते, टाके काढते, न शिकता. येणारेजाणारे तिला सिस्टर म्हणतात आणि ती ओ देते. यासीन बाईंकडं फळं पोचवतो, पैसे मात्र आता मोजून घेतो. कमरजहाँ ईदला शीरखुर्मा पाठवते, स्वतः येत नाही. गुडघे दुखतात म्हणते, आणि ते खरंही आहे.

परमेश्वरला बढती मिळाली. त्यानं बाईंच्याच गल्लीच्या टोकाला घर बांधलं आणि वास्तुशांतीचा पहिला मान बाईंना दिला. बाई गेल्या नाहीत, तर तोच प्रसाद घरी घेऊन आला. सोबत त्याची मुलगी होती, वैष्णवी, तिसरीतली. "बाई, हिला तुमच्याकडं पाठवीत जातो," तो म्हणाला. "आता शाळांत काय शिकवायलेत ते दिसतंयच. आमच्या टायमासारखं न्हाई ऱ्हायलं. हिच्यावर जरा संस्कार करा." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बाईंनी त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं, टोमणा असता तर त्यांना आधार वाटला असता.

वैष्णवी रोज संध्याकाळी येते. चुणचुणीत आहे, प्रश्न फार विचारते. चिमणी रात्री कुठं जाते, तुमच्या हाताला शिरा का आल्या, देवाला कोण जेवायला वाढतं. बाई तिला बेरजा घालतात, गिरवायला ओळ देतात, हात धरून वळण शिकवतात. एवढंच. एका संध्याकाळी तिनं पाटी बाजूला ठेवली आणि बाईंच्या मांडीवर कोपर टेकून विचारलं, "बाई, तुमी माझ्या पप्पांना बी शिकवलं ना? काय शिकवलं वो त्यांना?"

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. डोळे तेच होते.

"पाढे," त्या म्हणाल्या. "लिही, बेएके बे."